एक प्राध्यापक, एक कपाट: तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्राची पदवी नीट कशी करायची

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र विभाग म्हणजे बऱ्याच ठिकाणी एक कायम प्राध्यापक, तासिका तत्त्वावरचे एखादे सर किंवा मॅडम, दहा-पंधरा मुलामुलींचा वर्ग आणि उपकरणांचं एक लोखंडी कपाट. कपाटातला मेमरी ड्रम, म्हणजे ठरावीक वेगाने एकेक शब्द दाखवणारं यंत्र, अडकलेला असतो, चाचण्यांच्या पुस्तिकांवर आधीच्या कुणीतरी पेन्सिलीने उत्तरं लिहून ठेवलेली असतात. मग प्रॅक्टिकलचं जर्नल कसं भरतं? गेल्या वर्षीच्या जर्नलमधले आकडे थोडे इकडेतिकडे करून. पदवीचं खरं नुकसान इथे होतं, कारण व्याख्या गाइडमधून पाठ करता येतात, पण माणसासमोर बसून मोजमाप घेण्याचा हात गाइडमधून येत नाही.

हा हात छोट्या कॉलेजातही येतो. प्रयोगांचं बरंचसं साहित्य पुठ्ठा, आरसा, पट्टी आणि मोबाइलचं स्टॉपवॉच यांतून उभं राहतं. आणि छोट्या वर्गाची एक गोष्ट मोठ्या शहरातल्या ऐंशी जणांच्या वर्गाला सहज जमत नाही: सगळ्यांनी एकच प्रयोग एकाच पद्धतीने करून आकडे एकत्र करणं. एका व्यक्तीवर केलेला प्रयोग हा सराव झाला. बारा जणांनी प्रत्येकी दोन व्यक्तींवर केला की चोवीस ओळींचा तक्ता तयार होतो आणि तिथून अभ्यास सुरू होतो.

प्रवेश घेण्याआधी

ऑफिसात नव्हे, विभागात जाऊन विचारा. पहिला प्रश्न: तिसऱ्या वर्षापर्यंत मानसशास्त्र मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून मिळतं का, की फक्त मायनर, म्हणजे जोडविषय? जुन्या पद्धतीत हाच प्रश्न 'जनरल की स्पेशल' असा विचारला जायचा. काही ठिकाणी पहिल्या वर्षी विषय असतो, पण पुढे मेजरसाठी पुरेशी मुलं नसतात म्हणून वर्ग सुरूच होत नाही. पुढे एम.ए. करायचं असेल तर मेजर असलेलं बरं.

दुसरा प्रश्न प्रॅक्टिकलचा. श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. दोन श्रेयांकांचं प्रॅक्टिकल असेल तर सत्रात साठ तास, म्हणजे पंधरा आठवड्यांत दर आठवड्याला चार तास बसतात. ते वेळापत्रकात दिसतात का, ते बघा. 'शेवटी घेऊ' असं उत्तर मिळालं तर समजा की ते तास तुम्हालाच मागून घ्यावे लागणार.

मायनर निवडताना संख्याशास्त्र मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. नसेल तर समाजशास्त्र चांगलं. 'सोपा आहे' म्हणून घेतलेला तिसराच विषय पुढे उपयोगी पडत नाही. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची आणि चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ श्रेयांकांची आहे. चौथं वर्ष याच कॉलेजात मिळेल हे गृहीत धरू नका, आत्ताच विचारून ठेवा.

शब्दांची वही

मराठीतून मानसशास्त्र शिकताना विषयाआधी परिभाषा आडवी येते. हायपोथेसिसला एका पुस्तकात 'गृहीतक' म्हणतात, दुसऱ्यात 'अभ्युपगम'. व्हेरिएबलला कुठे 'चल', कुठे 'परिवर्तक', कुठे 'परिवर्त्य'. पर्सेप्शनला एका मराठी पुस्तकात 'संवेदन' तर दुसऱ्यात 'अवबोधन'. त्यातच हिंदी पुस्तक हाती आलं तर तिथे 'संवेदना' म्हणजे सेन्सेशन आणि पर्सेप्शनला 'प्रत्यक्षीकरण'. ज्याने मराठी आणि हिंदी नोट्स एकत्र वाचल्या त्याची उत्तरपत्रिका इथे हमखास चुकते.

उपाय साधा आहे. दोनशे पानी वहीत चार रकाने पाडा: इंग्रजी संज्ञा, तुमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातला मराठी शब्द, इतर पुस्तकांतले शब्द, आणि तुमच्या भाषेत एका ओळीचा अर्थ उदाहरणासह. दर प्रकरणाला वीस-पंचवीस संज्ञा पुरतात. अर्थाच्या रकान्यात व्याख्या उतरवू नका. 'नकारात्मक प्रबलन' (निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट) याच्यासमोर 'सीटबेल्ट लावला की गाडीचा त्रासदायक बीप बंद होतो, म्हणून लावणं वाढतं' असं लिहिलं की ते आणि शिक्षा यांची गल्लत पुन्हा होत नाही. ही गल्लत परीक्षेत सगळ्यात जास्त दिसते. प्रबलन कुठलंही असो, वर्तन वाढतं. शिक्षेने ते कमी होतं.

कपाटाबाहेरची प्रयोगशाळा

*म्युलर-लायर भ्रम.* सारख्या लांबीच्या दोन रेषा टोकांच्या पिसांमुळे लहान-मोठ्या दिसतात, तो हा भ्रम. फ्रांत्स म्युलर-लायर यांनी तो १८८९ मध्ये मांडला. जाड पांढऱ्या कार्डशीटची २२ × ८ सेंटिमीटरची चपटी खोळ करा आणि तिच्यात उजवीकडून सरकणारी ६ सेंटिमीटर रुंदीची, साधारण २५ सेंटिमीटर लांब पट्टी बसवा. खोळीवर उजव्या कडेला टेकणारी बरोबर १५ सेंटिमीटरची आडवी रेषा काढा. तिच्या दोन्ही टोकांना रेषेवर आतल्या बाजूला वळलेली पिसं काढा, म्हणजे बाणाचं टोक. प्रत्येक पीस ३ सेंटिमीटर, रेषेशी ३० अंशांत. पट्टीवर तीच रेषा पुढे चालू ठेवायची. पट्टी सरकवली की तिच्या टोकाची बाहेर वळलेली पिसं रेषेबरोबर पुढे-मागे होतात. मधली पिसं दोन्ही रेषांना सामायिक असतात: डावीकडच्या रेषेसाठी ती आत वळलेली, उजवीकडच्या रेषेसाठी बाहेर वळलेली. पट्टीच्या मागच्या बाजूला मिलिमीटरचा कागद चिकटवा, मापन तिथेच वाचायचं.

प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा ती व्यक्ती, पट्टी सरकवून दोन्ही रेषा सारख्या दिसतील अशी लावते. एकूण ४० वेळा. २० वेळा सरकती बाजू उजवीकडे, २० वेळा उपकरण फिरवून डावीकडे. प्रत्येक विसात १० वेळा पट्टी स्पष्ट आखूड ठेवून सुरुवात, १० वेळा स्पष्ट लांब ठेवून. यामुळे डाव्या-उजव्या जागेची आणि सरकवण्याच्या दिशेची चूक वेगळी काढता येते. चाळीस मापनांच्या सरासरीतून १५ वजा केले की स्थिर त्रुटी मिळते.

इथे एक खूण लक्षात ठेवा. बाहेर वळलेल्या पिसांची रेषा लांब भासते, म्हणून प्रयुक्त ती १५ पेक्षा आखूड लावतो. म्हणजे सरकती रेषा बाहेर वळलेल्या पिसांची असेल तर स्थिर त्रुटी ऋण यायला हवी. जर्नलमध्ये ती धन आली असेल तर उपकरण उलटं वाचलंय किंवा आकडे उतरवलेत, हे परीक्षकाला एका नजरेत कळतं. आणखी तीन गोष्टी हा प्रयोग बिघडवतात. पट्टी घट्ट असली की माणूस कंटाळून मधेच थांबतो, म्हणून आतून मेण किंवा पावडर लावा. मापनाचा कागद प्रयुक्ताला दिसता कामा नये. आणि प्रत्येक वेळी 'बरोबर', 'छान' म्हणू नका. तो मग रेषेकडे न बघता तुमच्या चेहऱ्याकडे बघून पट्टी लावतो.

हा भ्रम सगळ्या समाजांत सारखा नसतो. सेगल, कँपबेल आणि हर्स्कोव्हिट्स यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत वेगवेगळ्या समाजांत त्याचं प्रमाण बरंच वेगळं आढळलं, आणि चौकोनी इमारतींत वाढण्याचा त्याच्याशी संबंध असावा, असा त्यांचा तर्क होता. मानसशास्त्रातलं बरंच ज्ञान पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवरून आलेलं आहे. तुमच्या कॉलेजभोवती मात्र शेतकरी, दुकानदार, शाळा न पाहिलेल्या आज्या आणि बारावीतली मुलं हाकेच्या अंतरावर आहेत. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी याहून चांगली सोय शहरात मिळणार नाही.

*स्ट्रूप परिणाम*, १९३५. रंगाचं नाव भलत्याच शाईत छापलं की शाईचा रंग सांगायला जास्त वेळ लागतो. ए-फोर आकाराचे दोन कागद रंगीत छापून घ्या. पहिल्यावर चार रंगांत ××××च्या ४० आकृत्या, पाच-पाचच्या आठ ओळी. दुसऱ्यावर रंगांची ४० नावं, पण प्रत्येक नाव भलत्याच रंगात: 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, असं. प्रयुक्ताने दोन्ही कागदांवर शाईचा रंग सांगायचा, शब्द वाचायचा नाही. वेळ आणि चुका नोंदवा.

मराठीत हा प्रयोग करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पिवळा घेऊ नका, पांढऱ्या कागदावर तो दिसत नाही आणि वेळ उगाच वाढतो. जांभळा आणि निळा एकत्र नकोत. लाल, हिरवा, निळा, काळा हे चार ठीक. कुणी 'आकाशी' म्हणतं, कुणी 'पोपटी', म्हणून आधी चार ठिपके दाखवून चारही नावं वदवून घ्या; रंगांधळेपणही तिथेच लक्षात येतं. मराठी माध्यमाच्या व्यक्तीला शब्द देवनागरीतच द्या, कारण वाचन जितकं सरावाचं तितका अडथळा जास्त. इंग्रजी कागद दिला आणि फरक कमी आला, तर ती प्रयुक्ताची हुशारी नव्हे. निम्म्या लोकांना पहिला कागद आधी द्या, निम्म्यांना दुसरा. नाहीतर सरावाचा आणि थकव्याचा परिणाम रंगांच्या परिणामात मिसळतो.

*प्रतिक्रिया-काळ.* तीस सेंटिमीटरची पट्टी पुरते. प्रयुक्ताचा अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेजवळ, पण पट्टीला न टेकता. तुम्ही वरून सोडा, तो पकडेल. पडलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या, ४९० ने भागा, वर्गमूळ काढा, उत्तर सेकंदात. १० सेंटिमीटरला ०.१४३, १५ ला ०.१७५, २० ला ०.२०२. सोडण्याआधीचा थांबा दर वेळी वेगळा ठेवा, एक ते चार सेकंद. '१, २, ३' म्हणून सोडलीत तर तो ताल पकडतो. ५ सेंटिमीटरच्या आत पकडली तर ते अंदाजाने पकडणं आहे, ती नोंद बाद. वीस प्रयत्न घ्या, पहिले पाच सरावाचे.

*आरशातलं रेखाटन.* दुहेरी रेषेचा तारा, दोन रेषांत सहा मिलिमीटर अंतर. हात थेट दिसू नये म्हणून वर पुठ्ठ्याचा आडोसा, समोर उभा आरसा. नेहमीच्या हाताने दहा वेळा काढायला लावा. वेळ आणि रेषा ओलांडण्याच्या चुका लिहा, आलेख काढा, शिकण्याचा वक्र समोर दिसतो. एका हाताचं शिकणं दुसऱ्या हाताला किती उपयोगी पडतं हे पाहायचं असेल तर आधी एकदा डाव्या हाताने, मग दहा वेळा उजव्या, शेवटी पुन्हा एकदा डाव्या. पहिल्या वेळी १२० सेकंद आणि शेवटी ८० लागले तर बचत ४० भागिले १२०, म्हणजे ३३.३ टक्के. मात्र ही सगळी बचत उजव्या हाताच्या सरावामुळेच झाली असं लिहू नका. डाव्या हातालाही पहिल्या वेळी थोडा सराव झालेलाच असतो. म्हणून निम्म्या लोकांना मधल्या वेळात नुसतं बसवून ठेवा आणि दोन गटांची तुलना करा. हा नियंत्रित गट बहुतेक जर्नलांत नसतो, आणि तोंडी परीक्षेत प्रश्न नेमका तिथेच येतो.

*स्मृती.* मेमरी ड्रम बंद असेल तर काही बिघडत नाही. मोबाइलवर दोन सेकंदाला एक स्लाइड पुढे सरकेल असं लावा. एकमेकांशी संबंध नसलेले पंधरा साधे शब्द दाखवा आणि आठवतील तसे लिहायला सांगा. पहिले आणि शेवटचे शब्द जास्त आठवतात. मग दुसऱ्या यादीनंतर लगेच न विचारता तीस सेकंद २९७ पासून तीन-तीन वजा करत मोठ्याने मोजायला लावा. शेवटच्या शब्दांचा फायदा नाहीसा होतो, सुरुवातीच्यांचा टिकतो. अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृती वेगळ्या का मानतात, हे पाच पानं वाचून जेवढं समजत नाही तेवढं या दोन आलेखांत समजतं.

स्मृतीवर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउसने १८८५ मध्ये वापरली तशी निरर्थक अक्षरं हवी असतील तर इंग्रजीतली उतरवू नका, देवनागरीत बनवा आणि दहा जणांना विचारून तपासा. 'गूझ' ऐकून 'गूज' आठवतं, बाद. 'ढेप' शहरातल्या मुलाला निरर्थक वाटेल, पण घरी गुरं असलेल्याला पेंडीची ढेप माहीत असते. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या भागात ही तपासणी आणखी काळजीने करा. तिघांना अर्थ लागला की अक्षर काढून टाका.

सूचना, संमती, तक्ता

प्रयोगाची सूचना आयत्या वेळी सुचेल तशी देऊ नका. ती कागदावर लिहा आणि प्रत्येकाला शब्दशः वाचून दाखवा. स्ट्रूपसाठी अशी: 'या कागदावर काही शब्द वेगवेगळ्या रंगांत छापले आहेत. शब्द वाचू नका, तो ज्या रंगात छापलाय तो रंग मोठ्याने सांगा. डावीकडून उजवीकडे, एकही न गाळता, जमेल तितक्या लवकर. चुकलात तर तिथेच दुरुस्त करा आणि पुढे जा. समजलं का?' बारा विद्यार्थ्यांनी बारा तऱ्हेने सूचना दिली तर एकत्र केलेल्या तक्त्याला अर्थ राहत नाही. एकाने 'लवकर' म्हटलं आणि दुसऱ्याने 'सावकाश, नीट' म्हटलं, एवढ्यानेसुद्धा वेळ बदलतो.

संमती लेखी घ्या, चार ओळी पुरतात: 'हा अभ्यासाचा भाग आहे, याला वीस मिनिटं लागतील. तुमचं नाव कुठेही येणार नाही. मधेच थांबावंसं वाटलं तर कारण न देता थांबू शकता. याने तुमच्या बुद्धीची किंवा स्वभावाची परीक्षा होत नाही.' वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवा. त्याच आवारातल्या ज्युनियर कॉलेजची मुलं पटकन मिळतात, पण ती अठराच्या आतली असतात. पालकांची संमती लागते. स्वतःच्या घरच्यांवर आणि जिवलग मैत्रिणीवर प्रयोग टाळा. त्यांना तुम्हाला हवं ते उत्तर द्यायचं असतं.

तक्ता मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये ठेवा. एक व्यक्ती, एक ओळ. रकाने: सांकेतिक क्रमांक, वय, लिंग, शिक्षणाचं माध्यम, कोणता कागद आधी, पहिली वेळ, पहिल्या चुका, दुसरी वेळ, दुसऱ्या चुका, शेरा. नोंद राहून गेली तर जागा रिकामी सोडा. तिथे शून्य लिहिलंत तर सरासरी बिघडते, आणि नंतर का बिघडली ते सापडत नाही. 'मधेच फोन वाजला' हे शेऱ्यात लगेच लिहा, संध्याकाळी आठवत नाही.

आकडेमोड एकदा हाताने

संख्याशास्त्राची भीती बहुतेक वेळा सूत्र आधी आणि आकडे नंतर आल्यामुळे बसते. उलटं करा. सरावासाठी मुद्दाम सोपे घेतलेले हे आकडे बघा: स्ट्रूपच्या दोन कागदांच्या वेळेतला फरक, दहा जणांचा, सेकंदात. १२, ८, १५, ९, ११, ६, १४, १०, ७, ८. बेरीज १००, सरासरी १०. प्रत्येक आकड्यातून १० वजा करून वर्ग करा: ४, ४, २५, १, १, १६, १६, ०, ९, ४. बेरीज ८०. ती ९ ने भागा, ८.८९, वर्गमूळ २.९८, हे प्रमाण विचलन. ते दहाच्या वर्गमूळाने, म्हणजे ३.१६ ने भागा, ०.९४; ही प्रमाण त्रुटी. सरासरी १० भागिले ०.९४३ म्हणजे टी-मूल्य सुमारे १०.६. स्वाधीनता मात्रा (व्यक्तींची संख्या वजा एक) ९ असताना ०.०५ पातळीला तक्त्यातलं मूल्य २.२६२ आहे. आपलं त्याहून खूप मोठं, म्हणून फरक योगायोगाचा मानता येत नाही.

दोन चुका पुन्हापुन्हा होतात. एक, ९ ऐवजी १० ने भागणं. दुसरी जास्त गंभीर: दोन्ही मापनं त्याच व्यक्तींची असताना दोन स्वतंत्र गटांची टी-चाचणी लावणं. त्याच व्यक्ती असतील तर फरक काढूनच पुढे जायचं.

हाताने एकदा जमलं की संगणकाकडे वळा. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरची प्रत विकत घ्यायची किंवा चोरीची प्रत शोधायची गरज नाही. जास्प आणि जमोवी ही दोन्ही मोफत आहेत आणि पदवीला लागणारं सगळं त्यांत होतं. आपला हाताने सोडवलेला तक्ता आधी त्यांत घालून तेच उत्तर येतं का, ते पाहा. संगणकावर प्रयोगच चालवायचे असतील तर सायकोपाय आणि सायटूलकिट मोफत आहेत. देवनागरी नीट उमटते का, एवढं आधी तपासा.

जर्नल

क्रम विद्यापीठाचाच ठेवा: समस्या, उद्दिष्ट, गृहीतक, चल, साहित्य, नियंत्रणं, सूचना, कार्यपद्धती, निरीक्षण तक्ता, आकडेमोड, चर्चा, निष्कर्ष. समस्या ते सूचना हा भाग प्रयोगाआधी लिहा आणि बाकीचा त्याच दिवशी. मूळ नोंदींचा चुरगळलेला कागद जर्नलमध्ये चिकटवा. तो खऱ्या प्रयोगाचा पुरावा आहे. प्रयोगानंतर 'काय करत होतात, काय जाणवलं' असं प्रयुक्ताला विचारून त्याची दोन वाक्यं त्याच्याच शब्दांत लिहा.

निष्कर्ष गृहीतकाच्या विरुद्ध आला तर तसाच लिहा. चर्चेत दोन शक्य कारणं द्या आणि ती कशी तपासता येतील ते सांगा. असं जर्नल सर्वांत चांगलं वाचलं जातं. आणि 'सिद्ध झालं' हा शब्द एका प्रयुक्तावरच्या प्रयोगात कुठेच वापरू नका.

चाचण्या, आणि हात कुठे आखडायचा

आपल्याकडे चाचण्या रुजवण्याचं काम जुनं आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिनेच्या बुद्धिमापनाचं मराठी आणि कन्नड रूपांतर केलं. चाचणी नुसती भाषांतरित करून चालत नाही, त्या समाजातल्या लोकांवर तिची मानकं पुन्हा ठरवावी लागतात, हे त्यावरून समजून घ्या. इंग्रजी प्रश्नावली स्वतःच मराठीत करून प्रकल्पाला वापरणार असाल तर किमान इतकं करा: एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं, जिथे अर्थ फिरला ते वाक्य सुधारायचं, आणि दहा जणांवर वापरून पाहायचं.

गुणांकनात उलटे गुण विसरणं ही नेहमीची चूक. रोझेनबर्गच्या आत्मसन्मान मापनीत दहा वाक्यं आहेत, त्यातली पाच नकारार्थी. त्यांचे गुण उलटवले नाहीत तर जास्त आणि कमी आत्मसन्मानाची माणसं एकाच सरासरीवर येऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच वाक्यांच्या स्वास्थ्य निर्देशांकात बेरीज ० ते २५ येते, ती चाराने गुणायची म्हणजे शंभरपैकी आकडा मिळतो. वर्गातल्या सरावाला ही दोन चांगली आहेत.

नैराश्याच्या मापनी मात्र मजेने वाटू नका. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कुणी त्यावर 'हो' लिहिलं आणि तुम्ही कागद गठ्ठ्यात टाकून रविवारी मोजायला घेतलात, तर ते अक्षम्य आहे. अशी मापनी वापरायचीच असेल तर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, उत्तरं त्याच वेळी पाहून, आणि पुढे कुणाकडे पाठवायचं हे आधी ठरवून. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक संमतीपत्राच्या तळाला छापा. आणि दुसऱ्या वर्षाला विकृतीचं प्रकरण सुरू झालं की मित्रांना, आत्याला, स्वतःला निदानं चिकटवायचा मोह होतो. पदवीचा विद्यार्थी निदान करत नाही.

वाचन आणि परीक्षा

ग्रंथालयात पुस्तकं कमी असतील तर ग्रंथपालांकडे एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या सेवेचं लॉगिन मागा. अनेक कॉलेजांनी ते घेतलेलं असतं आणि कुणी वापरत नाही. ईज्ञानकोशावर इग्नूची मानसशास्त्राची पाठ्यसामग्री आणि ई-पीजी पाठशाळेवर पदव्युत्तर पाठ मोफत आहेत. इंग्रजी अवघड जात असेल तर आधी मराठीत प्रकरण वाचा, मग तेच इंग्रजीत, रोज दोन पानं. पदव्युत्तर शिक्षण बहुतेक इंग्रजीत असतं आणि ही सवय तिसऱ्या वर्षाच्या शेवटी लावून जमत नाही.

गाइड वापराच, पण तपासून. बऱ्याच गाइडमध्ये अजून 'दृश्य, श्राव्य, कृती' अशा शिकण्याच्या शैली सिद्ध असल्यासारख्या छापतात. पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुरावे तपासले, तेव्हा शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार मिळाला नाही. विकृतींच्या वर्गीकरणात पाच अक्ष शिकवणारं गाइड दिसलं तर ते जुनं आहे. डीएसएम-५ या मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरण-पुस्तिकेने २०१३ मध्ये ते अक्ष काढून टाकले. आज्ञापालनावरच्या मिलग्रॅमच्या मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जण दुसऱ्याला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) झटके देत ४५० व्होल्टपर्यंत गेले, म्हणजे ६५ टक्के. असा आकडा लिहिताना किती जणांपैकी तेही लिहा.

पाठांतराला या विषयानेच दिलेली युक्ती वापरा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४२ टक्के आठवलं, आणि एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणून प्रकरण वाचलं की वही मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग तपासा. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी पुन्हा. हायलाइटरने पान रंगवणं सोपं असतं आणि त्यातून फार काही उरत नाही.

पदवीनंतरच्या कागदांची तयारी

बी.ए. किंवा एम.ए. झाल्याने कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. कोणते अभ्यासक्रम मान्य आहेत याचे नियम सध्या बदलत आहेत, म्हणून कुठल्याही संस्थेची जाहिरात न वाचता प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावरची यादी पाहा. पंधरा दिवसांच्या 'समुपदेशक प्रमाणपत्रा'ला पैसे घालण्याआधी तर नक्कीच.

येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला भेट द्यायची असेल तर विभागाच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र महिनाभर आधी पाठवा: तारीख, संख्या, उद्देश आणि फोटो काढणार नाही अशी हमी. जवळ हवं असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूला विचारा.

निघताना तीन वर्षांच्या प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम छापून त्यावर कॉलेजचा शिक्का घ्या. दुसऱ्या विद्यापीठात किंवा परदेशात अर्ज करताना प्रॅक्टिकल आणि संख्याशास्त्राचे किती तास झाले हे विचारतात, आणि तोवर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नवा अभ्यासक्रम आलेला असतो. जर्नल रद्दीत देऊ नका, आणि वर्गाचा एकत्रित तक्ता नावाशिवाय विभागात ठेवून जा. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यात आपल्या चोवीस ओळी जोडता येतील.